निर्गुडीचा शेक आणि चार दिवसांत पळालेली गुडघेदुखी

नांदेडच्या देगलूर नाका भागातील एखाद्या मशिदीत जुम्याच्या दिवशी जरा लवकर गेलात, तर सफेच्या कडेला मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतील. आमच्या लहानपणी अशी एखाददुसरी खुर्ची असायची आणि ती कुणाची हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत असायचे. आता खुर्ची मिळावी म्हणून बुजुर्ग मंडळी अजानच्या आधी येऊन बसतात. त्यांत सगळेच बुजुर्ग असतात असेही नाही. मोंढ्यात पोती वाहून कंबर गेलेला पंचेचाळिशीचा हमाल असतो, दिवसभर खड्ड्यांतून ऑटो चालवणारा जवान असतो. हे झाले पुरुषांचे. घरात पलंगाच्या कडेला बसून इशाऱ्याने सजदा करणाऱ्या अम्मी, खाला, नानी कुणाच्या मोजदादीत येत नाहीत.

दीनमध्ये यात काही अडचण नाही. हजरत इम्रान बिन हुसैन (र.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून नमाज पढायला, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून पढायला सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे आणि बहुतेक घरांत ती ठाऊकही आहे. तरीही ज्याचा जमिनीवरचा सजदा सुटला, त्याच्या मनातली चुटपुट जात नाही. या चुटपुटीचा व्यापार करणारे लोक आपल्याच बाजारात बसलेले आहेत, म्हणून हा लेख. पण आधी निर्गुडीबद्दल बोलू, कारण हा व्यापार तिच्याच नावावर चालतो.

ओढ्याकाठचे झुडूप

कंधारकडे मन्याड नदीच्या किंवा नांदेडजवळ आसनेच्या काठाने चालत गेले, लातूरकडे मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात एखाद्या ओढ्यात उतरले, की निर्गुडी शोधावी लागत नाही. माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे झुडूप, एका देठावर बहुधा पाच आणि कधी तीन पाने, पानाची खालची बाजू पांढुरकी, निळसर जांभळ्या बारीक फुलांचे तुरे. पान चुरगळले की असा उग्र वास येतो की एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कुंपणाला ती लावतात. ज्वारीच्या कणगीत कीड लागू नये म्हणून तिची पाने घालतात. संध्याकाळी डासांसाठी तिचा धूर करतात. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळण्याची रीत तर आपल्याकडे हिंदू-मुसलमान, मराठा-लमाण सगळ्यांच्या घरात सारखीच.

आमच्या दादीच्या अंगणात चुलीवर एक जुने, काळे पडलेले भगुणे कायम असायचे आणि ते दुसऱ्या कशाला वापरायची परवानगी नव्हती. सोयाबीन-कापूस काढून आलेल्या बायका असरनंतर यायच्या. भगुण्यात पाला उकळायचा, जुन्या लुंगीचे तुकडे त्यात बुडवून, पिळून कंबरेवर ठेवायचे, आणि त्या वाफेत गावभरच्या गोष्टी व्हायच्या. शेक झाला की कोमट करडईचे तेल चोळायचे आणि वर एरंडाचे पान तव्यावर गरम करून बांधायचे. करडई त्या वेळी घरचीच असे. आता शिवारात सोयाबीनच दिसते. दादी कधीही "बरी होशील" असे म्हणत नसत. "आज रात्री झोप लागेल" एवढेच त्या म्हणायच्या. हे वाक्य आम्हाला फार उशिरा कळले.

घरात दखनी बोलतानाही आम्ही निर्गुडीला निर्गुडीच म्हणत आलो. युनानी तिबमध्ये तिचे नाव सम्भालू, आणि फारसीत या जातीच्या झाडाला पंजंगुश्त म्हणतात, म्हणजे पाच बोटे. पाच पानांचा तो पंजा एकदा पाहिला की नाव कुठून आले हे सांगावे लागत नाही. आयुर्वेदातही निर्गुडीचे तेल आणि काढा वातविकारांसाठी सांगितलेला आहे. म्हणजे वैद्य आणि हकीम हे दोघे एकाच ओढ्यावरून पाला तोडत होते.

तिच्यात खरोखर काही आहे का? पानांत सुगंधी तेल आणि इतर काही घटक आहेत, आणि उंदरांवर झालेल्या प्रयोगांत पानांच्या अर्काने सूज व वेदना कमी झालेली दिसली आहे. माणसांवर मात्र मोठे, काटेकोर प्रयोग फारच थोडे झाले आहेत. आमचे मत विचाराल तर शेकाच्या गुणाचा मोठा वाटा उष्णतेचा, चोळण्याचा आणि त्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा आहे. आखडलेले स्नायू सैल होतात, रक्त फिरते, दुखणे खाली बसते. दिवसभर वाकून काम केलेल्या बाईला कुणीतरी अर्धा तास पालथे पडू देते, हेही औषधच म्हणायचे. पण गुडघ्यातील झिजलेली कूर्चा निर्गुडीने पुन्हा भरून येत नाही, आणि भरून येते असे दादी कधी म्हणाल्याही नव्हत्या.

अत्तार, हकीम आणि सुरंजान

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही गोल बाजारपेठ लातूरकरांना अजून मिरवावीशी वाटते, आणि का वाटू नये! अशा बाजारांत, नांदेडच्या इतवाऱ्यात आणि तालुक्यांच्या आठवडी बाजारात अत्तारांची दुकाने असतात. हळद-कुंकू, ऊद, सुरमा, अत्तराच्या कुप्या आणि त्यांच्यामागे डब्यांतून सुंठ, असगंध, हालीम, मेथी, डिंक, बिब्बा. आज अत्तार म्हटले की आपल्याला सुगंधच आठवतो, पण जुन्या अर्थाने अत्तार म्हणजे औषधे विकणारा. निशापूरचे सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांच्या नावातला अत्तार याच अर्थाचा. ते औषधांचे दुकान चालवत.

अत्तार माल द्यायचा, पण नुस्खा लिहायचा हकीम. नांदेड आणि लातूर हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि युनानी तिबला तिथे राजाश्रय होता. चारमिनारजवळ असलेली निजामिया तिब्बी दवाखान्याची इमारत अजून उभी आहे आणि तिथे अजून रुग्ण येतात. रेल्वेने हैदराबाद नांदेडला एका रात्रीच्या अंतरावर, त्यामुळे जुनाट दुखणे झाले की "हैदराबादला दाखवून या" हा सल्ला आमच्या लहानपणापर्यंत चालत आला होता. हकिमाच्या शब्दांत सांधेदुखी ही वज-उल-मफासिल, कंबरेपासून टाचेपर्यंत उतरणारी कळ म्हणजे इर्कुन्नसा, आणि पायाच्या अंगठ्याला येणारी लाल, असह्य सूज म्हणजे निकरिस. ही तीन दुखणी वेगळी आहेत हे इब्ने सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल-कानून’मध्येच मांडलेले आहे. तिन्हींना एकच पुडी देणारा माणूस हकीम असूच शकत नाही, हे आपल्याला तेव्हापासून माहीत असायला हवे होते.

यातल्या निकरिससाठी हकीम सुरंजान देत. सुरंजान म्हणजे केशरासारखे फूल येणाऱ्या एका वनस्पतीचा कंद. त्याचे शीरीं आणि तल्ख, म्हणजे गोड आणि कडू, असे दोन प्रकार. गोड पोटात द्यायचा, कडू फक्त बाहेरून लावायचा, आणि हा फरक न पाळणारा रुग्णाच्या जिवाशी खेळतो हे हकिमांना ठाऊक होते. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि कावांतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी याच जातीच्या वनस्पतीतून कॉल्चिसिन वेगळे काढले. आज कोणताही डॉक्टर गाऊटच्या झटक्याला ज्या गोळ्या लिहितो त्यांत हेच कॉल्चिसिन आहे. जुन्या तिबचा एक नुस्खा सरळ आजच्या औषधांच्या दुकानात पोचला. पण त्याच्या औषधी मात्रेत आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे. जास्त झाले तर जुलाब, उलट्या आणि पुढे मृत्यूही. म्हणून "वनस्पतीच तर आहे, नुकसान काय होणार" हे वाक्य कुणी बोलले की आम्हाला सुरंजान आठवतो.

बिब्ब्याचेही तसेच. दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अजून गेलेली नाही. त्याच्या तेलाने कातडी जळते, फोड येतात, मधुमेही माणसाची जखम महिनोन्महिने भरत नाही. तापलेल्या सळईने डाग देणे तर त्याहून वाईट. शिफा ज्या तीन गोष्टींत आहे असे प्रेषितांनी (स.) सांगितले त्यांत मध, हिजामा आणि डाग यांचा उल्लेख आहे, पण त्याच हदीसमध्ये आपल्या उम्मतीला डागण्यापासून त्यांनी रोखलेही आहे. हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. हिजामा करून घ्यायचा तर शिकलेल्या माणसाकडून, नव्या ब्लेडने आणि नव्या कपने. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एवढे सांगून आम्ही मूळ विषयाकडे येतो.

खालांची पुडी

आमच्या एक खाला लातूरला असतात. वय बासष्ट. आयुष्य शिलाई मशीनवर गेले, वर पाण्याची ओढाताण. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा देशभर बातम्या झाल्या; पण टँकरपासून घरापर्यंत घागरी कुणाच्या कंबरेवरून गेल्या हे कुणी लिहिले नाही. खालांचे गुडघे तेव्हापासून गेले. डॉक्टरांनी झीज सांगितली, वजन कमी करा, व्यायाम करा म्हणाले, पुढे कधीतरी सांधा बदलावा लागेल असेही म्हणाले. खाला घाबरल्या.

मग आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाचे नाव शेजारणीने सांगितले. समोर चादरीवर मुळ्या, साली, निर्गुडीच्या वाळलेल्या फांद्या मांडलेल्या. बोलणे गोड, तोंडात अल्लाहचे नाव. खालांना त्याने एकच प्रश्न विचारला, "अम्मा, सजदा होतो का?" खालांच्या डोळ्यांत पाणी आले. "चाळीस दिवसांत जमिनीवर सजदा कराल," तो म्हणाला. तपकिरी भुकटीच्या कागदी पुड्या, रोज दोन, दुधातून. निर्गुडी, असगंध आणि जंगलातली एक गुप्त मुळी, असे त्याने सांगितले.

चाळीस दिवस लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी खालांनी जमिनीवर बसून नमाज पढली. घरात मिठाई वाटली गेली. आम्हीही लातूरला गेलो तेव्हा थक्क झालो आणि, कबूल करायला हवे, आमच्या घरातल्या दोघांसाठी पुड्या मागवायचे ठरवून परतलो. त्या मागवायच्या राहून गेल्या, हा केवळ आमचा आळस, शहाणपणा नव्हे.

पुढचे अकरा महिने खाला पुडी घेत होत्या. भूक वाढली, चेहरा गोल झाला, गाल भरले. भेटणारा प्रत्येक जण म्हणे, "माशाअल्लाह, तब्येत सुधारली." हातावर जरा काही लागले की निळे डाग पडत, ते वयाचे समजले. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे. तेही वयाचेच समजले. एखाद्या दिवशी पुडी चुकली तर अंग असे दुखे की त्या म्हणत, "बघा, औषध किती गुणाचं आहे!"

रमजानच्या तोंडावर तो माणूस बाजारात यायचा बंद झाला. पुड्या संपल्या. खालांनी रोजे धरले. तिसऱ्या रोज्याला दुपारी उलट्या सुरू झाल्या, उठता येईना, बोलणे अडखळले. घरच्यांना वाटले रोजा लागला. शेजारच्या नर्सने रक्तदाब पाहिला आणि ताबडतोब दवाखान्यात न्यायला लावले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खालांचा चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, पुडी कुठली घेत होता?"

चार दिवसांत बरे करणारे औषध कोणते

सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल पाहिले, ते जवळजवळ नव्हतेच. साखर मात्र वाढलेली. हे चित्र डॉक्टरांना नवे नव्हते. सांधेदुखीच्या ‘देशी’ पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारख्या स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, जोडीला डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक. वर सुंठ-निर्गुडीची भुकटी, रंगासाठी आणि वासासाठी. भारतात आणि भारताबाहेरही अशा पुड्यांच्या तपासण्यांत ही औषधे पुन्हा पुन्हा सापडलेली आहेत.

स्टेरॉईडची जादू खरीच जादू आहे. ज्या सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्याच महिन्यात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच काळात दुसरी बाजूही दिसू लागली: सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर. म्हणून डॉक्टर आज हे औषध मोजून, गरजेपुरते आणि लक्ष ठेवून देतात. दम्यात, आमवातात ते जीव वाचवते; डॉक्टरांनी लिहिले असेल तर त्याला भिऊ नये आणि आपल्या मनाने ते बंदही करू नये. बाजारातला माणूस मात्र तेच औषध मोजमाप न करता, न सांगता, महिनोन्महिने चारतो.

शरीरात मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज आपल्यापुरते कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून भरपूर मिळू लागले की त्या काम थांबवतात. मग पुडी एकदम बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही; रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस जाऊ शकतो. खालांचे हेच झाले आणि दोष रोज्यावर आला. आणखी एक क्रूर गंमत अशी की दीर्घकाळच्या स्टेरॉईडने मांडीच्या हाडाच्या खुब्यातील गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सांध्यासाठी घेतलेले औषध दुसरा सांधा खाऊन टाकते. त्यात मिसळलेले वेदनाशामक पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडांना इजा करते, ते वेगळेच.

म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुणी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल तर ती आज, एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाज न बाळगता सांगा. किती दिवस, रोज किती, शेवटची कधी. मात्रा हळूहळू उतरवावी लागते आणि ते काम डॉक्टरांचेच.

पुडी ओळखायची कशी? वर्षांची गुडघेदुखी, कंबरदुखी आणि मानदुखी तीन-चार दिवसांत एकदमच पळाली, तर आनंद नव्हे, शंका घ्या. कोणतेही पान-मूळ असे वागत नाही. भूक अचानक वाढणे, चेहरा चंद्रासारखा गोल होणे, एक दिवस चुकला की दुप्पट दुखणे, या पुढच्या खुणा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार युनानी आणि आयुर्वेदिक औषध बनवून विकायलाही परवाना लागतो. डब्यावर घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता छापलेला असतो. कागदाच्या पुडीवर यातले काय असते? संधिवात हमखास बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या जादूई उपचारांविषयीच्या कायद्याने बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. आम्ही ती केली. पण तोवर तो माणूस बाजारातून गेला होता आणि घरात एकही पुडी उरली नव्हती.

आपल्याच शरीअतमध्ये या माणसाची जागा फार स्पष्ट आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो झालेल्या नुकसानाला जबाबदार आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तोंडात अल्लाहचे नाव असल्याने ही जबाबदारी कमी होत नाही. युनानी उपचारच हवे असतील तर मालेगाव, पुणे, मुंबई येथील तिब्बी महाविद्यालयांतून शिकलेले पदवीधर हकीम आहेत. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कशाला?

शेक असा घ्या

निर्गुडीचा पाला दोन-तीन ओंजळी, धुऊन घेतलेला. तीन-चार लिटर पाण्यात झाकण ठेवून अर्धा तास उकळू द्या. जाड सुती कापड बुडवून, पिळून, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर लावून पाहा. तिथे सोसले तरच दुखऱ्या जागी ठेवा. थंड झाले की बदला. पंधरा-वीस मिनिटे पुरे. नंतर कोमट तेलाने हलके चोळा, गुडघ्याच्या वाटीवर जोर न देता, आजूबाजूच्या स्नायूंवर. घरी तेल करायचे तर पानांचा रस चार वाट्या आणि तिळाचे किंवा करडईचे तेल एक वाटी मंद आचेवर ठेवा. रस आटून तडतड थांबली की उतरवा आणि गाळून बाटलीत भरा. हे बाहेरून लावायचे. पोटात घ्यायचा काढा आपल्या मनाने कुणीही घेऊ नये, गरोदर स्त्रीने तर मुळीच नाही.

शेकाबरोबर रोज खुर्चीवर बसून पाय सरळ वर उचलून दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. आम्हाला विचाराल तर शेकापेक्षाही या साध्या व्यायामाचा गुण टिकाऊ, पण पाल्यासारखा त्याला वास नाही म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही. वजन पाच किलो उतरले तरी फरक कळतो. खाली बसून भाकरी थापणे, कपडे धुणे जमेल तेवढे उंचावर आणा. आणि ही गोष्ट सुनेला नव्हे, घरातल्या मुलाला सांगा. ओटा उंच तोच करून देईल.

काही वेळा शेक घेत बसायचे नसते. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल. पडल्यानंतर दुखत असेल. कंबरेबरोबर पायातली शक्ती गेली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. पाठीच्या एकाच जागी सतत दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, तर तो मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर तो बरा होतो. आणि ज्यांना मधुमेहाने पायांत बधिरपणा आला आहे त्यांनी पायाला शेक घेऊच नये. भाजलेले कळत नाही. शेकाने भाजून पाय गमावलेली माणसे डॉक्टरांनी पाहिलेली आहेत.

खालांची गोळी उतरवायला सात महिने लागले. साखरेची गोळी मात्र राहिली. राहिलेले रोजे झेपत नाहीत, त्याबद्दल इमामसाहेबांना विचारले. त्यांनी फिदयाचे सांगितले आणि वर त्यांनाच उलट निर्गुडीचे विचारले, कारण त्यांच्या अम्मींचेही गुडघे दुखतात. नमाज खाला पुन्हा खुर्चीवर पढतात. पहिल्या दिवशी रडल्या, नंतर नाही.

निर्गुडीची फांदी पावसाळ्यात जमिनीत खोचली तरी जगते. खालांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलेली फांदी आता भिंतीच्या वर गेली आहे. गल्लीतल्या बायका असरनंतर पाला मागायला येतात. खाला तोडून देतात, पण आधी प्रत्येकीला समोर बसवून, तिचा चेहरा नीट न्याहाळून विचारतात, "पुडी तर घेत नाहीस ना?"